सहाशे मिलिमीटर आणि माझा हात

३ मार्च २०२५, सोमवार

पार्सल आले. पहिली लेन्स, शंभर-चारशेची. संभाजीनगरच्या एका दुकानातून आठवड्याच्या भाड्याने. परमेश्वरने ट्रॅव्हल्सच्या गाडीवरून उतरवून आपल्या स्टुडिओत ठेवली होती. हा माझा जुना विद्यार्थी, बी.एस्सी. अर्धवट सोडून लग्नांचे फोटो काढू लागला तो. खोके हातात देत म्हणाला, "मॅडम, ऑप्टिक्समध्ये मला नापास केलंत अन् आता लेन्स माझ्याकूनच मागवायलात." मी म्हटले, नापास उत्तरपत्रिकेने केले, मी फक्त सही केली.

प्रश्न नीट मांडून ठेवते, म्हणजे उत्तर शोधताना वाट चुकणार नाही. मिररलेस कॅमेरा घेऊन दोन वर्षे झाली. त्याच्या पोटात आरसा नाही. लेन्समधून आलेला प्रकाश थेट संवेदकावर पडतो, म्हणून कॅमेरा हलका. परंतु दूरचा प्राणी जवळ आणायचा तर लेन्स लांबच हवी, तेथे आरसा काढून उपयोग नाही. सेलूबाहेरच्या मोकळ्या रानात काळविटांचा कळप उतरतो आणि तो माणसाला दोनशे पावलांच्या आत येऊ देत नाही. मग घ्यायचे काय? शंभर-चारशे: वजन दीड किलोच्या आत. की दोनशे-सहाशे: दोन किलोंच्या वर. दोन्ही आठवडा-आठवडा वापरून पाहायच्या, मग निर्णय.

एक नियम विसरता कामा नये. केंद्रांतर, म्हणजे लेन्सवर लिहिलेले ते मिलिमीटर, वाढले की सगळेच मोठे होते. काळविटाचा डोळा मोठा होतो, आणि धरणाऱ्या हाताची थरथरही तितकीच मोठी होते.

हलकी घ्यावी असे मन आधीपासून सांगते आहे. कारण येथे तरी लिहावे. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कंपवात झाला तेव्हा ते त्रेपन्न वर्षांचे होते. मला मागच्या महिन्यात त्रेपन्न पूर्ण झाली.

४ मार्च, मंगळवार

पद्धत ठरवली. कॉलेज सकाळचे, एक वाजता सुटते. स्कूटीने दीडपर्यंत रानात. रोज तीच वेळ, तोच बांध, तेच लक्ष्य: पलीकडच्या बांधावरचा विजेचा सिमेंटचा खांब, अंतर पावलांनी मोजून एकशे साठ. खांबावर पिवळ्या पट्ट्यात काळे आकडे आहेत, ४७/३. हे आकडे किती रेखीव येतात ते पाहायचे. काळवीट आले तर उत्तम, पण काळवीट हे मोजमापाचे साधन नव्हे, ते हलते.

तुलना न्याय्य हवी तर परिस्थिती तीच ठेवली पाहिजे. विद्यार्थ्यांना सांगून सांगून घसा बसला आहे. आता स्वतः पाळायचे.

सिद्धोधन, माझे यजमान, पोस्टातून निवृत्त झाल्यापासून दुपारी माझी वाट पाहत जेवायचे थांबतात. विचारले, "मग, कळपाने दर्शन दिले का?" खांबाचे फोटो काढले, असे सांगितले. "खांब बरा आहे ना?" म्हणाले आणि वाढून घेतले.

७ मार्च, शुक्रवार

शंभरला उत्तम. दोनशेला उत्तम. चारशेला आकडे किंचित मऊ, म्हणजे कडा पुसट. नोंद केली.

१० मार्च, सोमवार

पहिली परत गेली, दुसरी आली. दोनशे-सहाशे!

काय वस्तू आहे ही. झूम फिरवले तरी नळी बाहेर येत नाही. भिंगे आतल्या आत सरकतात. याचे दोन फायदे. एक, तोल बदलत नाही, त्यामुळे डाव्या तळव्यावर वजन जिथे बसले तिथेच राहते. दोन, नळी आतबाहेर झाली की ती पिचकारीसारखी हवा ओढते आणि हवेबरोबर धूळ. इथे नळी हलतच नाही. आमच्याकडे मार्चमध्ये धुळीशिवाय हवा मिळतच नाही, म्हणून हा गुण मोठा.

परमेश्वरने हातात तोलून पाहिली. "लय जड हाय, मॅडम. नवरदेवाला हार घालायच्या आधीच माझा खांदा उतरंल. तुमाला झेपायलीय का?"

त्याने सहज विचारले. मी मात्र घरी येईपर्यंत त्याचेच उत्तर देत होते.

११ मार्च, मंगळवार

सहाशेला आकडे वाचताच येत नाहीत. चाळीस फोटो, चाळीसही मऊ. शटरचा वेग एक हजारांश सेकंद ठेवला होता, शिवाय लेन्समध्ये स्थिरीकरण आहे. हात किंचित हलला तर तरंगते भिंग उलट सरकून प्रतिमा जागच्या जागी धरते. इतके असूनही मऊ. खांबाची कड नागमोडी, आणि प्रत्येक फोटोत वेगळी.

एक हजारांश सेकंदात हे घडते, तर हात केवढा हलत असला पाहिजे?

१२ मार्च, बुधवार

तीच वेळ, तोच बांध. आज कोपर गुडघ्यावर टेकवून, श्वास अर्धा सोडून धरला. कालच्यासारखेच. थोडे अधिकच वाईट.

आबा पाथरीत दुकानांच्या पाट्या रंगवत. पट्टीशिवाय सरळ रेघ ओढायचे. त्यांचे 'किराणा' अक्षर लोक थांबून पाहत. हात बिघडू लागला तेव्हा त्यांनी आधी ब्रश बदलला. मग रंग पातळ केला. मग चष्म्याचा नंबर तपासला. मग म्हणाले, हल्ली पत्राच चांगला येत नाही. दीड वर्ष हे चालले. तोवर आम्हां घरातल्या कोणी त्यांच्या हाताकडे पाहिले नाही, कारण त्यांनी आम्हांला सतत पाटीकडे पाहायला लावले.

मी लेन्स बदलते आहे.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड, सुट्टी. रंग खेळणाऱ्यांचा ओरडा उतरल्यावर, ऊन कलल्यावर, गच्चीवर तिकाठी लावली. ही तिकाठी जड, स्कूटीवर नेता येत नाही. नाहीतर रानातच नेली असती. समोरच्या घराच्या भिंतीला वर्तमानपत्राचे पान चिकटवले, अंतर तीस पावले. लेन्स तिकाठीवर कसली. सहाशे मिलिमीटर. हात न लावता, दोन सेकंदांच्या विलंबाने शटर.

छोट्या जाहिरातींतली सगळ्यात बारीक अक्षरेसुद्धा वाचता आली. एकाचा भूखंड विकायचा आहे, एकाला स्वयंपाकी हवा आहे.

लेन्स निर्दोष आहे. दोष कुठे आहे ते आता उघड आहे.

१५ मार्च, शनिवार

सिद्धोधनांना सांगितले, मोठी लेन्स नको. साधी सत्तर-दोनशेची घेईन, हलकी असते. त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवले. "सत्तर-दोनशेत काळवीट मुंगीएवढे दिसते, असे तूच म्हणाली होतीस." मी म्हटले, मुंगीही सुंदर असते. मी उठून भांडी आवरली.

१८ मार्च, मंगळवार

फळ्यावर किरणाकृती काढताना पट्टी वापरली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

२० मार्च, गुरुवार

आज घडले ते क्रमाने लिहिते. घाई केली तर त्यातला विनोद हातातून सुटेल, आणि तो माझ्यावरच आहे.

मोठ्या लेन्सचे भाडे आणखी एका आठवड्याने वाढवून घेतले होते. का, ते ठाऊक नाही. जखमेवरची खपली काढून पाहतात तसे काहीतरी. दीड वाजता बांधावर पोचले. शेजारच्या रानात कडूबाई कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या उपटत होत्या. पंधरा दिवस त्या मला पाहत होत्या, मी त्यांना. बोलणे झाले नव्हते. आज त्या पाणी प्यायला माझ्याच बाभळीखाली आल्या.

"बाई, एक इचारू का? त्या खांबाला काय सोनं लागलंय? रोज उनातान्हात त्याचेच फोटू काढायलात."

मी म्हटले, फोटो नीट येत नाहीत, म्हणून पुन्हा पुन्हा काढते. का नीट येत नाहीत, असे त्यांनी विचारले. आणि जे मी पंधरा दिवस घरात बोलले नाही, ते या बाईंपुढे बोलले. माझा हात थरथरतो.

त्यांनी माझा हात धरला, उलटा केला, सुलटा केला, सोडून दिला. "दावा बरं फोटू."

कॅमेऱ्याचा पडदा दाखवला. डोळ्यांशी नेऊन त्या हसू लागल्या. "हे तर बराबर हाय की."

बरोबर कसे? खांब वाकडा दिसतो आहे, असे मी म्हटले.

"दुपारी तसाच दिसतोय खांब. हिकडं या, बसा माज्यासंगं. डोळं बारीक करा. अन् मुळाशी बगा." मी त्यांच्याशेजारी मातीत बसले. डोळे बारीक केले. खांब बुडापासून डुलत होता. त्याच्यामागचे झाड डुलत होते. सगळे रान, कडेपासून कडेपर्यंत, पातेल्यात पाणी उकळू लागावे तसे. "काळं रान तापलं की समदं पाण्यात बुडल्यावानी होतंय. हरणंबी बिनपायाची दिसतेत. तुमचं यंत्र खरं बोलायलंय, बाई. तुमाला रानाचं म्हाईत न्हाई."

मृगजळ. तापलेल्या मातीलगतची हवा विरळ, वरची दाट. प्रकाशकिरण थराथरांतून वाकत जातो. थर हलतात म्हणून प्रतिमा हलते. हे मी दर वर्षी शिकवते. याच महिन्यात शिकवले. परवा पट्टी वापरून जी आकृती काढली, ती हीच होती!

कडूबाईंनी तांब्या रिकामा केला. "शिकलेल्या मान्साला समदं आपल्याच अंगात घुसलंय असं वाटतंय. चला, मला अजून चार ओळी हाईत."

तेथेच बांधावर बसून होते, ऊन उतरेपर्यंत. हसत होते की काय करत होते, सांगता येणार नाही.

२० मार्च, रात्रीच्या जेवणाआधी

आता चुका मांडते.

पहिली. परिस्थिती स्थिर ठेवायची म्हणून रोजची वेळ दीडचीच ठेवली, म्हणजे दिवसातली सर्वांत वाईट वेळ पंधरा दिवस कसोशीने जपली. तुलना न्याय्यच होती. दोन्ही लेन्सवर सारखाच अन्याय.

दुसरी. गच्चीवर तिकाठी लावली तेव्हा आधार बदललाच, पण त्याबरोबर वेळ बदलली, जागा बदलली, अंतरही बदलले. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे माझ्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर लिहिले आहे. माझ्याच अक्षरात.

तिसरी मला सगळ्यात जास्त लागते. हात हलला तर सगळी चौकट एकाच दिशेने पुसली जाते. कड नागमोडी होत नाही. मी ११ तारखेला स्वतः लिहिले आहे: 'खांबाची कड नागमोडी, आणि प्रत्येक फोटोत वेगळी.' उत्तर वहीत होते. मी ते वाचले नाही, कारण मला आधीच एक उत्तर मिळालेले होते.

२१ मार्च, शुक्रवार

किरकोळ रजा टाकली. सूर्य उगवण्याआधी बांधावर. माती गार, हवा स्तब्ध, पायांखाली दव. सहाशे मिलिमीटर, हातात धरून, तिकाठी नाही.

४७/३. आकड्यांच्या कडेला रंगाचा ओघळ आहे, तोही दिसतो. रंगाऱ्याने सातचे वळण दोनदा गिरवले आहे. आबांनी त्याला झापले असते.

मग कळप आला. पुढे काळा नर, मागे अकरा माद्या. नराच्या डोळ्याच्या पांढऱ्या वलयातला एकेक केस मोजता येतो. मी फोटो काढत होते, आणि माझा हात जसा असायला हवा तसा होता. हात होता. एवढेच.

२२ मार्च, शनिवार

सिद्धोधनांना सारे सांगितले. लेन्सचे, खांबाचे, आबांचे, दर वाढदिवसाला मोरीचे दार लावून हात पुढे धरून पाहते त्याचे. ऐकून घेतले. मग म्हणाले, "मुंगीही सुंदर असते म्हणालीस तेव्हाच मी ओळखायला हवे होते. तुला मुंग्या मुळीच आवडत नाहीत."

नंतर गंभीर झाले. "रान हलते हे सिद्ध झाले. तुझा हात हलत नाही हे एका फोटोवरून सिद्ध होते का? तूच सांग, प्राध्यापकीणबाई."

नाही होत. त्यांचे बरोबर आहे. सोमवारची वेळ घेतली.

२४ मार्च, सोमवार

परभणी. मेंदूविकारांचे डॉक्टर, वयाने माझ्या विद्यार्थ्यांएवढे. म्हणाले, "मॅडम, हात मांडीवर सैल ठेवा. आता शंभरातून सात-सात वजा करत चला, मोठ्याने." त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी... दोनपर्यंत उतरले, एकही चूक नाही. कौतुकाची वाट पाहिली. त्यांचे आकड्यांकडे लक्षच नव्हते; ते मांडीवरच्या हाताकडे पाहत होते.

मग समजावून सांगितले, आणि फार नेटके सांगितले. मी असते तर असेच सांगितले असते. कंपवाताची थरथर बहुधा हात स्वस्थ पडलेला असताना दिसते. काम करताना कमी होते. मन दुसरीकडे गुंतले की ती उघडी पडते, म्हणून ती वजाबाकी. जड वस्तू तोलून धरताना हात हलणे हे निराळे, ते सर्वांचेच हलतात. बहुसंख्य रुग्णांत हा आजार वारशाने येत नाही. चालवून पाहिले, बोटे आपटायला लावली, मनगट फिरवून पाहिले. "काहीही नाही. उगाच इतकी वर्षे घाबरलात. आधी यायचे होते."

बसस्थानकावर सिद्धोधनांनी उसाचा रस घेतला. मी दोन ग्लास प्याले. परतीच्या एसटीत खिडकीशी बसून झोपले, अगदी मानवतपासून सेलूपर्यंत. सिद्धोधन म्हणतात, घोरत होते.

२६ मार्च, बुधवार

निर्णय. दोनशे-सहाशे.

कारणे, महत्त्वाच्या क्रमाने. नळी बाहेर येत नाही म्हणून धूळ आत जात नाही. तोल ढळत नाही. काळवीट जितके जवळ येऊ देते, त्या अंतरावर चारशे अपुरे पडतात. वजन जास्त आहे. ते उचलता येते. आणि सकाळी दहा ते दुपारी चार लेन्स पिशवीतच राहील, कारण त्या वेळी जगातली कोणतीही लेन्स काळ्या रानापुढे हरते. त्या वेळी उपाय एकच, आणखी जवळ जाणे. म्हणजे मधली हवा कमी.

हलकी लेन्स मी एका आजारी बाईसाठी निवडत होते. तशी बाई कोणी नाही.

परमेश्वरला मागणी नोंदवायला सांगितली. "घ्याच, मॅडम. लग्नसराईत मला द्या अधूनमधून." आधी ऑप्टिक्सचा पेपर दे, मग बघू, असे सांगितले. नवी येईपर्यंत भाड्याचीच राहू देणार.

संध्याकाळी कडूबाईंना काळविटाचा मोठा छापलेला फोटो नेऊन दिला. बराच वेळ पाहिला. "पाय आल्यात ह्याला," म्हणाल्या.

३० मार्च, रविवार

सोनपेठ. काल संध्याकाळी एसटीने आले, धम्मदीपकडे. धाकटा भाऊ, पण उंचीने माझ्या दीडपट. आज उजाडता उजाडता दोघे गोदावरीच्या काठी गेलो. पक्षी चार-दोनच होते. मग म्हटले, तूच बस त्या खडकावर, तुझाच प्रयोग करते.

स्थिरीकरण माझ्या हाताला किती सांभाळून घेते, ते मोजायचे होते. तो वीस पावलांवर बसला. चारशे मिलिमीटर. शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागापासून सुरू केले, मग दर वेळी वेळ दुप्पट. एक तीसांश सेकंदाला सात फोटो काढले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्यांतले दोन अगदी स्वच्छ दिसले. एक तीसांशाला! मी बसल्या जागेवरून ओरडले, तर तो म्हणाला, "ताई, मी हालू का आता? का खांबच ऱ्हाऊ?"

फोटो काढता काढता त्याला सगळे सांगितले. भीती, कडूबाई, डॉक्टरांची वजाबाकी. तो नदीकडे पाहत ऐकत होता. "बरं झालं, ताई," एवढेच म्हणाला. "लय बरं झालं." दुपारी जेवून निघाले. वहिनीने पिशवीत शेंगदाण्याची चटणी कोंबली.

३१ मार्च, सोमवार

ईदची सुट्टी. कालचे ते दोन फोटो संगणकावर मोठे करून पाहिले. खडकावरचे शेवाळ, शर्टाची शिवण, गालावरचे पांढरे खुंट, सगळे रेखीव. फक्त गुडघ्यावर सैल ठेवलेला डावा हात पुसट. दोन्हींत. हवा पहाटेची होती, गार. लेन्समधले स्थिरीकरण माझ्या हाताची हालचाल काढून टाकते; समोरच्या माणसाची नाही.

फोन केला. "आले का फोटो चांगले?" आले म्हटले. मग विचारले, कधीपासून?

"दिवाळीपासून. काल सांगणार होतो, ताई. पण तू एवढी मोकळी होऊन बोलायलीस." मग म्हणाला, "तुला दिसलं ते बरंच झालं."

डॉक्टरांची गुरुवारची वेळ मिळाली. बुधवारी त्याला आणायला जाते.